संगमनेरातच, ओन्ली

‘आय ॲम इन संगमनेर ओन्ली.’

पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला मोबाइल कानाशी धरून उभा असलेला तरुण कंपनीच्या माणसाला हे वाक्य ऐकवतो. पलीकडचा माणूस हैदराबादचा किंवा इंदूरचा असेल, तर काही अडत नाही. लंडनचा असेल, तर मात्र तो क्षणभर गोंधळतो. हा इसम फक्त संगमनेरात आहे, असं त्याला ऐकू येतं. म्हणजे इतर माणसं एका वेळी दोन-तीन गावांत असतात की काय? आपल्या तरुणाच्या मनात तसलं काही नसतं. त्याला म्हणायचं असतं, ‘अहो, मी कुठंही गेलेलो नाही, संगमनेरातच आहे.’ त्यानं मनातल्या मनात ‘च’ला इंग्रजी कपडे चढवले आणि मराठीत जिथं तो बसतो तिथंच, म्हणजे गावाच्या नावाच्या पाठीला चिकटवून बसवला.

इंग्रजीच्या मास्तरांनी अशा ‘ओन्ली’खाली आजवर बरीच लाल शाई खर्च केली आहे. माझं मत त्यांच्या बाजूचं नाही. वाक्याच्या शेवटी येणारा हा ओन्ली नीट ऐकला, तर त्याला पक्का नियम असल्याचं कळतं. ज्या शब्दावर जोर द्यायचा, त्याच्या लगेच मागे तो येतो. हिंदी माणूस त्यात आपला ‘ही’ ओततो, गुजराती आपला ‘ज’ आणि तमिळ माणूस आपला ‘तान’. म्हणून भारतभर हा ओन्ली एकमेकांना न विचारता समजतो. इंग्रजांच्या ओन्लीला मात्र असली शिस्त नाही, आणि त्याचा जन्मही चमत्कारिक आहे.

जुन्या इंग्रजीत, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी, ‘आन’ म्हणजे एक आणि ‘लीच’ म्हणजे देह. या दोघांचा जोडशब्द म्हणजे ‘आनलीच’: एकाच्या देहाचा, एकासारखा, म्हणून एकमेव, अनन्य. हाच शब्द झिजत झिजत ओन्ली झाला. आजच्या इंग्रजीत ‘एक’चा उच्चार ‘वन’ असा होतो, पण तो वकार नंतर येऊन चिकटला. ओन्ली आणि अलोन या दोन शब्दांनी जुना, वकाराविना असलेला उच्चार अजून सांभाळून ठेवला आहे. अलोन म्हणजे ‘ऑल वन’, सगळा मिळून एकच. पुढे लोकांनी या अलोनचं डोकं उडवून लोन आणि लोनली असे शब्द पाडले. आणि प्रायश्चित्त घेणं या अर्थाचा ‘अटोन’ म्हणजे सरळ ‘ॲट वन’: भांडलेले पुन्हा एक झाले.

शेपटीतला देह आणखी मजेशीर आहे. इंग्रजी क्रियाविशेषणांच्या शेवटी येणारा ‘ली’ आपण शाळेत घोकतो: स्लोली, क्विकली, सॅडली. हा प्रत्येक ‘ली’ म्हणजे तो देहच. इंग्लंडमधल्या जुन्या चर्चच्या आवाराला छपराचं एक फाटक असतं. दफनाआधी शवपेटी तिथं टेकवत. त्या फाटकाला ‘लिच गेट’ म्हणतात, कारण लिच म्हणजे प्रेत. जर्मन भाषेत प्रेताला आजही ‘लाइखं’ म्हणतात. आता क्विकली घ्या. ‘क्विक’चा जुना अर्थ वेगवान असा नव्हता, ‘जिवंत’ असा होता. जिवंत आणि देह हे दोन शब्द एकत्र बांधून इंग्रजांनी ‘पटकन’ तयार केला आणि तो रोज वापरताना कुणाच्या अंगावर काटा येत नाही. फ्रेंचांनी उलट वाट धरली. त्यांच्या क्रियाविशेषणांच्या शेवटचा ‘माँ’ लॅटिनमधल्या ‘मेन्ते’वरून, म्हणजे ‘मनानं’वरून आला. त्यांचा ओन्ली आहे ‘सलमाँ’, मुळात ‘एकट्या मनानं’. तेव्हा तोच अर्थ सांगायला इंग्रजांनी देह लावला आणि फ्रेंचांनी मन लावलं. आपल्या भाषेनं एक अक्षर लावलं.

या अक्षराकडे वळण्याआधी इंग्रजांचं घरगुती भांडण पाहून घ्यावं. ओन्ली वाक्यात कुठंही उभा राहू शकतो आणि क्रियापदाच्या आधी उभं राहायची त्याला खोड आहे. ‘मी बाजारात फक्त गणूला पाहिलं’ हे सांगायला बोलणारा इंग्रज सहज ‘आय ओन्ली सॉ गणू’ म्हणतो. व्याकरणाचे पहारेकरी ओरडतात, याचा अर्थ तर तू गणूला नुसतं पाहिलंस, बोलला नाहीस असा होतो! ही तक्रार अठराव्या शतकापासून चालू आहे. १९२६ साली फाउलर यांनी आपल्या इंग्रजी वापराच्या प्रसिद्ध कोशात पहारेकऱ्यांना दटावलं. अमका आठवड्यापूर्वीच वारला, हे सांगताना ओन्ली जर ‘वारला’च्या आधी आला, तर ‘तो फक्त वारला’ असं कुणी समजत नाही, मग आकांत कशाला, असा त्यांचा मुद्दा. भाषाशास्त्रज्ञांनी पुढे याचा खोलात जाऊन विचार केला. मॅट्स रूथ यांच्या १९८५ च्या प्रबंधापासून तर ओन्ली आणि आवाजाचा आघात यांचं नातं हा अर्थविचारातला एक मोठा विषयच झाला. मुद्दा असा, की बोलताना इंग्रज ज्या शब्दावर आवाज चढवतो, त्याच्याशी ओन्लीची गाठ पडते, मग ओन्ली उभा कुठंही असो. कागदावर मात्र आवाज नसतो, आणि तिथं वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो.

मराठीत हा अंदाज बांधावा लागत नाही. एक साधं वाक्य घेऊ: मी काल बाजारात गणूला दोन डाळिंबं दिली. शब्द सात. आता एक ‘च’ घ्या आणि टाचणीसारखा एकेका शब्दाला टोचत चला.

मीच काल बाजारात गणूला दोन डाळिंबं दिली: श्रेय किंवा आळ, दोन्ही माझ्याकडे. मी कालच दिली: इतक्यात परत कशी मागतो? मी काल बाजारातच दिली: घरी आणून द्यायला वेळ नव्हता. गणूलाच दिली: त्याच्या भावाला नाहीत, आणि इथून घरात महाभारत सुरू होतं. दोनच डाळिंबं: मोजा हवं तर. दोन डाळिंबंच दिली: पेरू नाहीत, पैसे नाहीत. आणि शेवटी, दिलीच: तो नको नको म्हणत होता, मी ऐकलं नाही.

सात जागा आणि सात वेगळ्या गोष्टी. एकाही जागी आवाज चढवायची सक्ती नाही. छापलेलं वाक्य तेवढंच स्पष्ट राहतं. विभक्तीचा प्रत्यय असेल तर च त्याच्याही मागे जाऊन बसतो. गणूलाच म्हणतात, गणूचला कुणी म्हणत नाही. शाळेचं व्याकरण त्याला ‘शुद्ध शब्दयोगी अव्यय’ म्हणतं आणि ही, सुद्धा, देखील, मात्र यांच्या रांगेत बसवतं. स्पर्धा परीक्षेची पोरं अभ्यासिकेत ही यादी घोकतात आणि चहाला बाहेर पडली, की त्याच अव्ययांनी एकमेकांना गार करतात. संगमनेरच्या टपरीवर दुकानदारानं तंबाखूची दुसरीच पुडी पुढे केली, की गिऱ्हाईक मान हलवून म्हणतं, ‘गायछापच दे.’ गायछाप याच गावची, त्यामुळे या ‘च’त थोडा गावाचा अभिमानही मिसळलेला असावा.

नीट पाहिलं, तर या सातही च चं काम एकसारखं नाही. ‘गणूलाच’ म्हणताना बाकीच्यांना बाहेर काढलं. ‘कालच’ म्हणताना बाकीचे दिवस बाहेर काढले नाहीत. फार वेळ झाला नाही, एवढं सांगितलं. ‘दोनच’मध्ये अपेक्षेपेक्षा कमी अशी तक्रार आहे. ‘दिलीच’मध्ये तर वगळणं नाहीच, हट्ट आहे, तिथं इंग्रजीत ओन्ली चालणारच नाही. एका अक्षराची ही वेगवेगळी कामं कुणी तरी उलगडून दाखवली असतील का?

दाखवली आहेत, आणि तीही तेराशे वर्षांपूर्वी. संस्कृतमधला जोराचा शब्द म्हणजे ‘एव’. सातव्या शतकातले बौद्ध तर्कशास्त्रज्ञ धर्मकीर्ती यांनी हा एव वाक्यात कुठं बसतो यावरून त्याचे तीन प्रकार पाडले. त्यांची उदाहरणं मराठीत आणताना एवच्या जागी फक्त च ठेवायचा, बाकी काही हलवावं लागत नाही. ‘चैत्र धनुर्धरच आहे’: इथं चैत्र नावाच्या माणसाला धनुष्य येत नाही ही शंका खोडली; दुसऱ्या कुणाला येतं की नाही याबद्दल काही म्हटलेलं नाही. ‘पार्थच धनुर्धर आहे’: इथं बाकीच्या सगळ्यांना रांगेतून काढलं. ‘निळं कमळ असतंच’: इथं तसलं कमळ मुळी नसतंच असं म्हणणाऱ्याला गप्प केलं, सगळी कमळं निळी असतात असा दावा केलेला नाही. या तिघांची नावं भारदस्त आहेत: अयोगव्यवच्छेद, अन्ययोगव्यवच्छेद आणि अत्यंतायोगव्यवच्छेद. नावं विसरलात तरी हरकत नाही. जोराचा शब्द विशेषणाला, विशेष्याला की क्रियापदाला चिकटला यावरून त्याचा अर्थ ठरतो, हे त्यांनी पाहिलं. वर आपण डाळिंबं वाटताना तेच पाहिलं.

संगमनेरकरांना हे आपल्या शाहिरावर लावून बघता येईल. अनंत फंदी (१७४४-१८१९) याच गावचे. ‘फंदी शाहीरच होते’ म्हणा, कुणी वाद घालणार नाही. ‘फंदीच शाहीर होते’ म्हणा, की राम जोशी, होनाजी, सगनभाऊ यांचे चाहते अंगावर येतील. ‘शाहीर कीर्तनंही करतातच’ म्हणा, तर फंदींचाच दाखला देता येतो. अहिल्याबाई होळकरांच्या शब्दावरून ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी परंपरा सांगतात. नाव तेच, धंदा तोच, च मात्र तीन जागी आणि तीन वेगळे खटले.

आता वयाचा प्रश्न. हा च आला कुठून? याचं उत्तर शोधायला संगमनेरहून बाहेर पडायचं तर नदीच्या कडेनंच जावं, कारण इथं भूगोलानं इतिहासाची विलक्षण सोय करून ठेवली आहे. प्रवरा खाली वाहत जाते, तशी मराठी मागे मागे जात राहते.

म्हाळुंगी आणि प्रवरेच्या संगमावर हे गाव आहे, नावातच तो संगम आहे. इथून थोडं खाली नदीकाठी जोर्वे लागतं. १९५०-५१ साली सांकलिया आणि देव यांनी इथं उत्खनन केलं आणि तांब्याची हत्यारं वापरणाऱ्या, लाल भांड्यांवर काळी नक्षी काढणाऱ्या, तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांच्या संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. त्यांची तोटीची भांडी आपल्याकडे आहेत. त्यांची भाषा नाही. ‘फक्त’ला ते काय म्हणत, याचा खापराएवढाही पुरावा उरलेला नाही. संगमनेरलाच यादव राजा दुसरा भिल्लम याचा शके ९२२ चा, म्हणजे इसवी सन १००० चा ताम्रपट मिळाला आहे. तो संस्कृतात आहे. दरबारी कागदाला तेव्हा संस्कृत लागे, बाजारात काय बोलत ते ताम्रपटावर कोण कोरणार?

प्रवरा पुढे नेवाशाला जाते. तिथं १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली. ती उघडा, आपला च भेटतो, पण त्याला अजून वेलांटी आहे: ‘चि’. तैसेंचि, तेंचि, तूंचि. वारकऱ्यांच्या तोंडी अभंगांतून हा ‘चि’ आजही रोज ऐकू येतो आणि अर्थ कुणाला विचारावा लागत नाही. नेवाशाच्या पुढे प्रवरासंगमला प्रवरा गोदावरीला मिळते, आणि गोदावरी पैठणला जाते. पैठणच्या एकनाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नेवाशाला सांगितलेलं पुस्तक त्याच पाण्याच्या खालच्या घाटावर निवडून-पाखडून घेतलं गेलं.

पण पैठण त्याहून कितीतरी जुनं. सातवाहनांचं प्रतिष्ठान ते हेच, आणि हाल सातवाहनाच्या नावावर असलेली सातशे गाथांची गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतातली. त्या गाथांत गोदावरी आहे, शेतकरी आहेत, रुसलेल्या बायका आहेत, आणि जोर द्यायला ‘च्चेअ’, ‘च्चिअ’ आहेत. बाराव्या शतकात गुजरातेतल्या हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं, त्यात निश्चय दाखवणारे चार शब्द एका सूत्रात गुंफले: णइ, चेअ, चिअ, च्च. शेवटचा पुन्हा वाचा. जोडाक्षर काढलं तर आपलाच.

आणि त्याच्याही मागे? चेअ, चिअ यांचं मूळ अभ्यासक संस्कृतच्या ‘चैव’पर्यंत नेतात. चैव म्हणजे च अधिक एव. हे वाचताना मी थबकलो होतो, कारण संस्कृतात च म्हणजे ‘आणि’! रामश्च लक्ष्मणश्च, म्हणजे रामही आला आणि लक्ष्मणही आला. माणसं गोळा करणारा शब्द तो. जोर होता तो एवमध्ये, धर्मकीर्तींच्या एवमध्ये. चैवचं चेअ झालं, चिअ झालं, चि झालं. एव झिजत झिजत नुसत्या वेलांटीएवढा उरला. मग वेलांटीही गळाली. आज आपल्या हातात राहिलं आहे ‘आणि’चं टरफल, पण अर्थ आहे तो आतून नाहीशा झालेल्या एवचा. जो शब्द एके काळी लोकांना आत घेत होता, तोच ‘गणूलाच’ म्हणून बाकीच्यांना बाहेर काढतो. उच्चारानंही कात टाकली आहे. ‘चि’चा च चिंचेतला होता, वेलांटी गेल्यावर तो चमच्यातला झाला. ‘मीच’ म्हणून जीभ कुठं लागते ते बघा.

गोष्ट इथंच थांबत नाही. इराणी शाखेच्या जुन्या भाषांत एवचा जुळा भाऊ वाटावा असा ‘अएव’ आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘एक’. म्हणून आपला एवही मुळात ‘एक’च्या कुळातला असावा, असं अनेक अभ्यासक मानतात. संस्कृतचा एक आणि इंग्रजीचा वन यांचा पूर्वार्ध तर एकाच प्राचीन धातूचा, याबद्दल वाद नाही. दोन्हींना मागून वेगवेगळे प्रत्यय लागले एवढंच. म्हणजे टेम्सच्या काठी ‘एकाचा देह’ झिजून ओन्ली झाला आणि गोदावरीच्या काठी ‘एक’चा एखादा दूरचा भाऊ झिजून च झाला. शेवटी संगमनेरच्या तरुणाच्या फोनवर दोघं समोरासमोर आले आणि एकमेकांची ओळख न पटता एकमेकांच्या जागी उभे राहिले.

इतक्या जुन्या अक्षराला काही शब्दांतून आता वेगळंही काढता येत नाही. ‘लगेच’मधून च काढला तर उरलेल्या ‘लगे’चं काय करायचं? लागून, चिकटून, असा त्याचा अर्थ होता; आता तो एकटा बाहेर पडत नाही. ‘उगाच’मधला उगा म्हणजे गप्प, स्वस्थ, तो अजून कुठं कुठं एकटा भेटतो. नुकताच, मुळीच, आधीच, खरंच, असंच, सगळ्यांच्या अंगात च मुरला आहे. ‘तोच’ची तर कमाल आहे. ‘तोच माणूस’ म्हटलं तर ओळख पटते, ‘तेच ते’ म्हटलं तर कंटाळा येतो, आणि ‘मी निघणार तोच पाऊस आला’ म्हटलं, की सर्वनाम उडून जातं आणि हातात वेळ उरते.

सगळ्यांत मला चक्रावून टाकतो तो ‘कधीच’. नाशिकची एसटी चुकलेल्या माणसाला शेजारचा सांगतो, ‘ती कधीच गेली.’ म्हणजे फार पूर्वी. तोच शेजारी दुसऱ्या गाडीबद्दल सांगतो, ‘ती वेळेवर कधीच गेली नाही.’ म्हणजे एकदाही नाही. एका ‘नाही’नं शब्दाचा अर्थ ‘केव्हाचाच’वरून ‘एकदाही नाही’वर जातो. खेडोपाडी ‘कवाच’ म्हणतात, त्यालाही हीच दोन तोंडं. यामागचं यंत्र साधं असावं. कधी म्हणजे न सांगितलेली कुठली तरी वेळ. होकारात च त्या न सांगितलेल्या वेळेला पक्कं करतो: ती वेळ येऊन गेली, आता तपशील विचारू नका. नकारात तोच च सगळ्या शक्य वेळांवर फिरतो आणि एकेक पुसून टाकतो. कुणीच नाही, काहीच नाही, कुठंच नाही, यांतही तो हाच झाडू मारतो. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला मात्र हे समजावताना घाम फुटतो, आणि समजावणाऱ्याला जास्त.

असलं कामाचं अक्षर शेजाऱ्यांनी उसनं न घेतलं तरच नवल. दख्खनी हिंदुस्थानी निजामशाहीच्या, आदिलशाहीच्या, कुतुबशाहीच्या मुलुखात मराठीच्या शेजारी वाढली आणि तिनं आपला च उचलला. हैदराबादी माणूस आजही ‘ऐसाइच’, ‘वोइच’ म्हणतो. दिल्लीचा उर्दूभाषक हे ऐकून नाक मुरडतो. मुंबईच्या रस्त्यावरच्या हिंदीनं तर ‘इधरीच’ देशभर पोचवला, त्यात सिनेमाचा हात मोठा. हिंदी सिनेमातला टपोरी आपल्या भाईपणाचा सगळा दरारा ज्या अक्षरावर पेलतो, ते अक्षर तेराव्या शतकात नेवाशाला पैसाच्या खांबाशी बसून कुणी तरी श्रोत्यांना ऐकवत होतं.

मग मराठीला ‘फक्त’ कशाला हवा होता? हा अरबीतून फारसीच्या हाताला धरून आला. अरबी ‘फकत’ म्हणजे ‘आणि बस, एवढंच’. उर्दू पत्रांत मजकूर संपला, की खाली ‘फकत’ लिहायची रीत होती, म्हणजे इथून पुढे काही नाही. आपल्या कारकुनी कागदांतही तो असाच पाचर मारायच्या कामी आला. चच्या शेजारी फक्त, नुसतं, निव्वळ अशी गर्दी झाल्यावर मराठीनं कामं वाटून दिली, आणि ही वाटणी बघायला संगमनेरसारखा दुधाचा तालुका उत्तम. पाहुणा म्हणाला ‘फक्त पाणी द्या’, तर चहा नको. ‘नुसतं पाणी काय देता’ म्हणाला, तर बरोबर गुळाचा खडा तरी द्या. आणि डेअरीवर कॅन उघडून कुणी म्हणालं ‘हे निव्वळ पाणी आहे’, तर प्रकरण गंभीर आहे. हा निव्वळ ‘निर्मल’वरून आला: निर्मल, निवळ, निव्वळ. स्वच्छपणाचा शब्द भेसळीच्या तक्रारीत सापडावा, हा भाषेचा विनोद. निव्वळ नफ्यात तो अजून आपल्या जुन्या अर्थानं, गाळ खाली बसल्यावर वर राहिलेलं, असा नांदतो.

‘मात्र’ तर दोन्हीकडून खातो. मूळ अर्थ माप. म्हणून नाममात्र म्हणजे नावापुरतं, लेशमात्र म्हणजे कणभर. पण प्राणिमात्र म्हणजे सगळेच प्राणी. एकाच मापानं इवलंसंही मोजलं आणि अख्खंही. आणि ‘तो मात्र आला नाही’ म्हणताना मात्र चक्क ‘पण’ होतो. हा मराठीचा लहरीपणा समजू नका. इंग्रजही ‘मी आलो असतो, पण आजारी आहे’मधल्या ‘पण’च्या जागी ओन्ली ठेवतात, आणि त्यांचा ‘बट’ उलट जाऊन ‘केवळ’चं काम करतो. जर्मन ‘नुर’ म्हणजे फक्त. तो ‘नसतं तर’ अशा अर्थाच्या जुन्या शब्दसमूहातून आवळून तयार झाला. फ्रेंच ‘न… क’ म्हणजे ‘याखेरीज नाही’. ‘फक्त’ म्हणायचं तर आधी बाकीच्या जगाला ‘नाही’ म्हणावं लागतं, आणि जिथं ‘नाही’ आला तिथं ‘पण’ फार लांब नसतो. वेगवेगळ्या भाषांनी हा आडमार्ग आपापला शोधला.

राहता राहिला चेक. दूध संघाचा असो की पतसंस्थेचा, अक्षरी रकमेच्या शेवटी लिहिणं आलं: रुपये पाच हजार फक्त. इंग्रजीत लिहिलं तर ओन्ली. दोन्हींचं काम राखणदाराचं. कुणी पुढे ‘पाचशे’ जोडू नये. अमेरिकेत ही राखण सेंटचा अपूर्णांक लिहून आणि उरलेल्या जागेत रेघ ओढून होते. आपण आकड्यातही एक ओन्ली लिहितो, आणि तो कुठल्याच भाषेतला नाही: ५,०००/-. ही तिरकी रेघ आणि आडवी रेघ इंग्रजांच्या शिलिंगांची. पाच शिलिंग आणि शून्य पेन्स लिहायचे, तर ते ५/- असं लिहीत. आडवी रेघ म्हणजे पुढचं खातं रिकामं. आपल्याकडे तिच्या पुढचं खातं आण्यांचं आणि पैंचं झालं. १९५७ मध्ये आपण दशमान पद्धत घेतली आणि आणे गेले. १९७१ मध्ये इंग्लंडनंही घेतली आणि तिथले शिलिंग गेले. रेघा मात्र आपल्या दुकानांत मुक्कामाला राहिल्या. आता सेलच्या दिवसांत बाजारपेठेतून चक्कर मारा आणि कापडाच्या ढिगावर खोचलेली पाटी वाचा: ‘फक्त ४९९/- मध्येच’. अरबी, इंग्रजी आणि महाराष्ट्री असे तीन ओन्ली एका साडीवर, आणि तरीही बाई विचारते, ‘कमी किती करणार?’